कूपरेजवर, दोन्हीकडे आपलेच

सोलापूर स्टेशनात शिरण्याआधी खिसे रिकामे करा. मोबाईल, पाचशेच्या नोटा, आधार कार्ड, यातलं काहीच तिकिटाच्या खिडकीवर चालायचं नाही. साल 1940 आहे. खिडकीतला बाबू तुमचा रुपया दगडी कट्ट्यावर आपटून वाजवून बघतो, कारण सरकारनं यंदा रुपयातली चांदी निम्म्यावर आणलीय आणि नव्या नाण्याचा आवाज अजून कानांत बसलेला नाही. मग तो जाड पुठ्ठ्याचं बोटभर तिकीट सरकवतो. तिसरा वर्ग, बोरीबंदर.

मागं गावात जुन्या मिलचा भोंगा होतो. तुमचा रिक्षावाला ज्या जागेला नुसतं ‘जुनी मिल कंपाउंड’ म्हणतो, तिथं आत्ता खरोखरची गिरणी धडधडतेय, 1877 पासून. पाळी सुटलेली माणसं स्टेशनाच्या रस्त्यानं येताना दिसतात, केसांत आणि भुवयांवर कापसाची बारीक लव. याच गावचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस दोन वर्षांमागं चीनला गेलेत, तिथं जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करताहेत. ते परत येणार नाहीत हे तुम्हाला ठाऊक आहे, फलाटावर दुसऱ्या कुणालाच नाही. तेव्हा तोंड बंद ठेवायची सवय इथूनच लावून घ्या.

मद्रासकडून आलेली गाडी आधीच गच्च भरलीय. दारातल्या ट्रंका ओलांडून तुम्ही आत घुसता तेव्हा खिडकीजवळचा एक माणूस मांडी आखडून घेतो.

“बसा की वो पावणं. कुठपतूर चाललाव?”

“मुंबई.”

“कामाला?”

“फुटबॉल बघायला,” तुम्ही सांगून टाकता. तो मान वळवून शेजारच्याकडे बघतो. “ऐकलाव का चाचा? तुमच्यासारखंच हाय हे बी.”

हे मामा. जुन्या मिलमध्ये साचे चालवतात, मेहुणा परळला गिरणीत आहे, त्याच्या पोराच्या बारशाला निघालेत. फुटबॉल त्यांनी जन्मात पाहिलेला नाही. कुस्ती असेल तर सांगा, म्हणतात. त्यांच्या शेजारचे चाचा विजापूर वेशीतले शिंपी. तरुणपणी मुंबईत कुलाब्याच्या लष्करी वस्तीत गोऱ्या शिपायांचे गणवेश शिवायला होते. संध्याकाळी काम आटपलं की पलीकडच्या मैदानावर जायचं आणि फुकटात रोव्हर्स कप बघायचा. सोलापुरात दुकान टाकून कैक वर्षं झाली, पण कपाची फायनल आली की त्यांच्या पायांना खाज सुटते. मामांना त्यांनीच गळाला लावलंय.

मोहोळ गेल्यावर मामा फडकं सोडतात. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर तेलाची धार नाही म्हणून हळहळ. भाकरीचा तुकडा मोडताना कटकन आवाज होतो. तुम्हाला न विचारता तुमच्या हातावर अर्धी येते. चाचा खातात आणि बोलतात, दोन्ही एकदमच.

“रोव्हर्स म्हंजे क्या समझे तुम? 1891 का कप है. पैली बार वुर्स्टर पल्टन जीती. उसके बाद कौन? पल्टन. उसके बाद? और एक पल्टन.”

खरंच आहे ते. 1888 साली सिमल्यात ड्युरंड सुरू झाला, तीन वर्षांनी मुंबईत रोव्हर्स, आणि पुढची पंचेचाळीस वर्षं या कपावर एकाही हिंदी संघाचं नाव कोरलं गेलं नाही. 1923 मध्ये मोहन बागान कलकत्त्याहून येऊन थेट फायनलला धडकला, तर डरहॅम लाइट इन्फन्ट्रीनं त्याला चार-एकनं घरी पाठवलं. चाचा तो सामना आठवून अजूनही तोंड कडू करतात. मग 1937 साली बंगलोर मुस्लिम्स नावाचा संघ आला आणि कप घेऊन गेला. 1938 साली पुन्हा तोच.

“आणि आता परत तेच आलेत?” मामा विचारतात.

“हौ. पर सामने पल्टन नईं. सामने कलकत्ते का मोहमेडन स्पोर्टिंग.”

“म्हंजी दोन्हीकडं आपलीच माणसं?”

“हौ ना.”

“मग वरडायचं कुणाच्या नावानं?”

चाचा भाकरीचा घास चावत राहतात. उत्तर देत नाहीत. गाडी कुर्डुवाडीत थांबते, बार्शी लाइटच्या छोट्या गाडीतून उतरलेली पंढरपूरची माणसं गाठोडी घेऊन डब्यात चढतात, कुणाचं तरी मूल तुमच्या मांडीवर ठेवलं जातं, आणि प्रश्न तिथंच राहतो.

तुम्हाला झोप येत नाही. ज्या रुळांवरून चाललाय, त्याच रुळांवरून दहा वर्षांनी एक वेगळाच संघ मुंबईला जाऊ लागेल. हैदराबादहून मुंबईला यायचं तर वाडी, गुलबर्गा, सोलापूर हीच वाट. हैदराबाद सिटी पोलीस 1950 ते 1954 अशी ओळीनं पाच वर्षं रोव्हर्स जिंकणार आहेत. त्यांना शिकवणारा सय्यद अब्दुल रहीम हा पेशानं शाळामास्तर. पुढं तोच देशाच्या संघाला 1951 आणि 1962 च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळवून देईल, मेलबर्नच्या ऑलिम्पिकमध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत नेईल. सोलापूरच्या फलाटावर चहा पिणाऱ्या त्या धिप्पाड पोलिसांना त्या वेळी कोण ओळखणार? पण हेही चाचांना सांगता येत नाही.

पहाटे हडपसरच्या पुढं गाडी मंदावते आणि डब्यातली सोलापूरची मंडळी एकाएकी गप्प होतात. डावीउजवीकडे काही दिसत नाही. पण पुणं आलं म्हणजे येरवडा आलं. 12 जानेवारी 1931 ला तिथल्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी दिलं. आदल्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा पुकारला होता, त्याचा हा शेवट. दहाच वर्षं होताहेत. मामा कपाळाला हात लावतात, चाचांचे ओठ हलतात. मग पुण्याचा फलाट, चहावाल्यांचा गलका, आणि वाफेचं इंजिन काढून विजेचं जोडलं जातं. धूर संपला. घाटात खिडकी उघडी ठेवली तरी डोळ्यांत कोळसा जात नाही, याचं मामांना एवढं अप्रूप की बोगदा आला की ते मुद्दाम डोकं बाहेर काढतात.

बोरीबंदरला मामा मेहुण्याकडे वळायचं म्हणतात. चाचा त्यांचा दंड धरून ठेवतात. बारसं संध्याकाळी आहे, कुठं पळून जात नाही. मामा हो-ना करतात, पण सुटायची फारशी खटपटही करत नाहीत.

ट्रामनं चला; चालत गेलात तरी फार नाही. हॉर्नबी रोडच्या कमानींखालून फ्लोरा फाउंटन, तिथून राजाबाई टॉवर डावीकडे ठेवून ओव्हलच्या कडेनं खाली. ओव्हलच्या पलीकडच्या बाजूला नव्या इमारतींची रांग उभी आहे, गोलाई दिलेल्या गॅलऱ्या, पिवळसर आणि गुलाबी रंग. समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर गेल्या काही वर्षांत हे सगळं वर आलंय. चाचा थबकून बघतात. “यां पे पानी था,” एवढंच म्हणतात. रस्त्यात खाकी फार. युद्धाला वर्ष उलटून गेलंय, बंदरात जहाजं, कुलाब्याच्या वाटेवर लष्करी लॉऱ्या. ज्या पलटणींनी कपाची सवय लावून घेतली होती, त्यांतल्या कितीतरी आता दूरच्या रणांगणावर आहेत. मुंबईत जे गोरे शिपाई उरलेत ते आज तिकीट काढून रांगेत उभे आहेत, बघे म्हणून.

कूपरेजच्या दाराशी आलात की तुमच्या मनातलं स्टेडियम विसरून जा. पूर्वी इथं लष्करासाठी पिंपं बनवण्याच्या शेड होत्या, त्यावरून नाव पडलं. दिवे नाहीत, गुणफलकही नाही. सामना उजेडातच उरकायचा. साहेबलोकांसाठी आणि बड्या पाहुण्यांसाठी छपराखाली खुर्च्या, बाकीच्यांना लाकडी फळ्या, आणि फळ्याही भरल्या तर दोराच्या मागं उभं राहायचं. झाडांच्या फांद्यांवर पोरं बसलीत. तुम्हाला गोलच्या मागच्या बाजूला, कोपऱ्याच्या झेंड्याजवळ जागा मिळते. फार वाईट नाही. पुढं एक उंच पठाण आहे एवढंच.

गर्दी नीट बघून घ्या, कारण असली गर्दी पुन्हा सहज दिसायची नाही. भेंडी बाजारातले अत्तरवाले, मदनपुऱ्याचे मोमिन विणकर, गिरणगावातून पाळी बुडवून आलेले घाटी आणि कोकणी, डोक्याला रुमाल बांधलेले गोवेकर खलाशी, पारशी म्हातारे, कॉलेजची पोरं. सगळे आलेत आणि कुणालाच धड कळत नाहीये की आज काय करायचं.

कारण मुंबईच्या मैदानात आवाज कुणाच्या बाजूनं लावायचा हे आजवर ठरलेलं असायचं. समोर पलटण असली की प्रश्न मिटला. दुसऱ्या बाजूला बंगाली असो, बंगळुरी असो, अनवाणी माणूस बूटवाल्याला चुकवून गेला की झालं, टोप्या हवेत. आणि क्रिकेटमध्ये? इथून हाकेच्या अंतरावर ब्रेबॉर्न स्टेडियम आहे, तिथं पंचरंगी सामने होतात. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि ‘बाकीचे’. माणूस जन्मला त्या बाजूनं ओरडतो. याच वर्षाच्या अखेरीस हिंदू जिमखान्याची मंडळी वर्ध्याला गांधीजींना भेटायला जातील आणि असल्या धर्मवार सामन्यांना आपली संमती नाही, असं गांधीजी सांगतील. वर्तमानपत्रांत त्यावर महिनाभर खडाजंगी होईल. मार्चमध्ये लाहोरला मुस्लिम लीगचा ठराव झालाय. हवा कसली आहे ते तुम्ही रांगेत उभं राहिल्यावरच ओळखलंत.

आणि अशा वर्षी कूपरेजवर ही फायनल! साहेबाच्या विरुद्ध ओरडावं तर साहेब मैदानात नाही. धर्माच्या बाजूनं ओरडावं तर दोन्ही संघांच्या नावातच मुसलमान. मला तरी हा त्या दुपारचा सगळ्यात मोठा खेळ वाटतो: हजारो माणसांच्या हातातून दोन्ही जुनी निशाणं काढून घेतलीत आणि सांगितलंय, आता नुसता फुटबॉल बघा.

(जगात दुसरीकडे याच सुमारास हे कोडं पडलेलंच नव्हतं. मेक्सिको शहरात स्पॅनिश व्यापाऱ्यांचे क्लब एका बाजूला आणि देशी कामगारांचे दुसऱ्या. मार्च 1939 मध्ये आस्तुरियास विरुद्ध नेकाक्सा सामन्यात नेकाक्साचा लाडका पोरगा होरासियो कासारिन याला दांडगाईनं जायबंदी केलं, तेव्हा प्रेक्षकांनी लाकडी स्टेडियमच पेटवून दिलं. कोणावर चिडायचं ते पक्कं माहीत असलं की माणसाला काडेपेटी सापडायला वेळ लागत नाही.)

तुमच्या मागं काळी टोपी घातलेला एक लुकडा गृहस्थ उभा आहे. काळबादेवीच्या कापूसबाजारातला दलाल, असं तो आपणहून सांगतो. तो चाचांना विचारतो, मामांना विचारतो, शेवटी तुम्हाला. “काय वाटतं? कोण?”

सकाळपासून तोंड दाबून धरलेलं. आणि नेमकं इथं सुटतं.

“मोहमेडन. एक-शून्य.”

तो तुमच्याकडे जरा जास्तच वेळ बघतो. मग पाठीमागं वळून कुणाशी तरी बोटांच्या खुणा करतो.

संघ येतात. मोहमेडनचे काळे-पांढरे पट्टे दिसताच एका बाजूनं आरोळी उठते. 1891 साली, म्हणजे रोव्हर्सच्या जन्माच्याच वर्षी, निघालेला हा क्लब. कलकत्त्याच्या लीगमध्ये 1934 ते 1938 ओळीनं पाच वर्षं पहिला, आणि यंदाही पुन्हा पहिला. पावसात चिखल झाला की अनवाणी पाय घसरतात, म्हणून ओल्या मैदानावर हलके बूट घालून उतरायची अक्कल हिंदी संघांत यांनीच आधी दाखवली. खेळाडू गोळा करताना कलकत्त्याबाहेर, पार वायव्य सरहद्दीपर्यंत बघितलं. “सलीम इन्हों का,” चाचा छाती फुगवून सांगतात. मोहम्मद सलीम 1936 मध्ये ग्लासगोला सेल्टिककडून घोट्याला नुसत्या पट्ट्या गुंडाळून खेळून आला, ती गोष्ट त्यांना तोंडपाठ आहे. मामांचा विश्वास बसत नाही. “विलायतंत? अनवाणी? थंडी नाय वाजली?”

बंगळूरचे जरा बुटके, जरा काळे, आणि जास्त शांत. त्यांच्यातला एक जण तुमच्या समोरच, दोराच्या आत, वाकून घोट्याची पट्टी सोडतो आणि पुन्हा बांधतो. इतक्या जवळून की त्याच्या टाचेच्या भेगा दिसतात. अंगठ्याचं नख निम्मं काळं पडलंय. पट्टी टाचेखालून, घोट्यावरून, पुन्हा टाचेखालून. शेवटी टोक दातानं ओढून गाठ. उठतो, दोनदा उड्या मारतो, गवताला हात लावून कपाळाला नेतो आणि जातो.

चेंडूकडेही बघा. तपकिरी कातड्याचा, शिवणीवर चामड्याची वादी ओवलेली, ती बाजू कपाळावर बसली तर ठसा उठतो. आपटल्यावर तुमच्या सवयीचा टणत्कार होत नाही, जड, बसका आवाज येतो. बदली खेळाडू नावाचा प्रकार नाही. पाय मुरगळला तर लंगडत कोपऱ्यात उभं राहायचं, संघ दहांचा.

शिट्टी होते.

पहिली काही मिनिटं मैदान चक्क गप्प असतं. हजारो माणसं आणि पायांचे आवाज ऐकू येतात. मोहमेडनचे बॅक लांब मारतात, विंगवरचे पोरगे धावतात, चेंडू बाहेर. बंगळूरकरांचं वेगळं. ते चेंडू वर उडवतच नाहीत. याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून परत याच्याकडे, दहा-दहा फुटांवर, जमिनीला चिकटून. मामा अचानक ताठ होतात.

“ह्ये कळलं मला,” ते म्हणतात. “धोटा हाय ह्यो. इकडून तिकडं, तिकडून इकडं. सूत तुटलं की सपलं.”

आणि खरंच, दर वेळी गोलच्या तोंडाशी येऊन सूत तुटतं. मोहमेडनचा एक थोराड बॅक मधे पाय घालतो, चेंडू उंच जातो, घारी बाजूला होतात. तिसऱ्यांदा असं झाल्यावर तुमच्या डावीकडचा गिरणीवाला घाटी ओरडतो, “अरे आता मार की रं डायरेक!” झालं, मैदानाला कंठ फुटला. त्याच्या शेजारचा बोहरी त्याला सांगतो, नाही, असंच खेळायला हवं, थांबून. घाटी म्हणतो, थांबून काय उबवायचंय? दोघांची जुंपते. जात नाही, धर्म नाही, गोरा-काळा नाही. लांब मारायचा की आखूड, यावर.

मग हळूहळू मैदानाची वाटणी होते, पण अशी काही की बघून हसू यावं. मदनपुऱ्याचे विणकर दोन गटांत फुटतात. पारशी म्हातारे एकमुखानं बंगळूरच्या बाजूनं, कारण विचारलं तर म्हणतात, छोकरे सभ्य आहेत. गोवेकर खलाशी ज्याच्याकडे चेंडू असेल त्याच्या बाजूनं. रांगेतले गोरे शिपाई सुरुवातीला हाताची घडी घालून होते. आता त्यांतला एक मोहमेडनच्या विंगवाल्याला मोठ्यानं सूचना करतोय, आणि विंगवाल्याला ती कळत नाही हे त्याला कळत नाहीये. चाचा मात्र अडकलेत. कलकत्त्याचा पास चांगला झाला की टाळी वाजवतात, बंगळूरनं चेंडू काढून घेतला की “वाह मियाँ!” म्हणतात आणि लगेच इकडेतिकडे बघतात, चोरी पकडली गेल्यासारखे.

एक कॉर्नर तुमच्याच बाजूला होतो. घेणारा इतका जवळ येतो की घामाचा वास येतो. गर्दी मागं रेटली जाते कारण त्याला पळायला जागा हवी. तो तीन पावलं मागं सरकतो, चौथ्या पावलाला त्याची पाठ तुमच्या छातीला लागते. मान न वळवता “माफ करना” म्हणतो. अनवाणी पायानं चेंडूला बसणारा तो आवाज एकदा ऐकाच, बुटाचा तसा कधी येत नाही. चेंडू वळतो, गोलीच्या मुठीला लागून परत बाहेर. घाटी आणि बोहरी एकमेकांचे हात धरून उभे असतात. लक्षात आल्यावर सोडतात.

राजाबाईचं घड्याळ तुमच्या जागेवरून झाडाआड आहे. किती वेळ झाला, किती उरलाय, कळायला मार्ग नाही. मामा तुमची बाही ओढतात. “पावणं, ह्यो ऑफसाईड म्हंजी काय?” तुम्ही त्यांच्याकडे वळता. आडवी रेघ समजवायला शेंगांच्या टरफलांची मांडणी करता, हा बॅक, हा गोली, हा पुढं गेलेला. समजा चेंडू इथून...

आणि एकदम कान बधिर होतात.

तुम्ही वर बघता तर पुढचा पठाण दोन्ही हात पसरून उभा, त्याच्यापुढं आणखी माणसं उड्या मारतायत, त्यांच्या मधल्या फटीतून फक्त जाळी दिसते. हलतेय. बंगळूरचा गोली गुडघ्यावर. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक घोळका मध्यरेषेकडे पळतोय आणि त्यात नेमका कोण ते सांगता येत नाही. ज्या एका गोलासाठी एवढ्या वर्षांचं अंतर तुडवून आलात, तो झाला तेव्हा तुम्ही शेंगेच्या टरफलाकडे बघत होतात. चाचांना विचारता, कुणी मारला? चाचा डोळे पुसताहेत. मामा टरफलांकडे बोट दाखवून विचारतात, “मग ह्यो इथला फुडं गेला तर?”

मागून काळ्या टोपीचा हात तुमच्या खांद्यावर पडतो. काही बोलत नाही. हात मात्र काढतही नाही.

उरलेला वेळ बंगळूरचा. ते अजूनही चेंडू उडवत नाहीत. हरत आलेला संघ साधारण लांब मारायला लागतो, घाई करतो. हे आपले तसेच, दहा-दहा फुटांवर. घाटी आता हात जोडून विनवतो. बोहरीसुद्धा म्हणतो, आता मारा राव. एकदा चेंडू दांडीला लागल्यासारखा आवाज येतो आणि अख्खं मैदान “ओऽऽ” करतं, त्या एका अक्षरात कलकत्ता कुठलं आणि बंगळूर कुठलं ते वेगळं काढता येत नाही. पुन्हा मोहमेडनचा तो थोराड बॅक, पुन्हा उंच. शिट्टी.

एक-शून्य. रोव्हर्स कप, 1940, मोहमेडन स्पोर्टिंग. कलकत्त्याच्या संघानं हा कप पहिल्यांदाच नेला. याच वर्षी डिसेंबरच्या 12 तारखेला दिल्लीत हेच लोक रॉयल वॉरिकशायर रेजिमेंटला दोन-एकनं हरवून ड्युरंडही घेतील, आणि तो जिंकणारा पहिला हिंदी नागरी संघ ठरतील. पुढच्या काळातल्या पुस्तकांत दिल्लीच्या सामन्याला पानंच्या पानं मिळतील, कारण तिथं समोर पलटण होती. आजच्या सामन्याला एक ओळ. मला हा अन्याय वाटतो. पलटणीला हरवणं सोपं होतं असं नाही, पण त्या सामन्यात बघणाऱ्याला काही ठरवावं लागत नव्हतं.

बक्षीस समारंभाला थांबू नका, तिथून काही दिसत नाही आणि भाषणं इंग्रजीत आहेत. बंगळूरचा तो पट्टीवाला खेळाडू दोराजवळून जातो. पट्टी सुटून मागं लोंबतेय. चाचा त्याला सलाम करतात. तो थांबतो, बंगळूरच्या धाटणीच्या दख्खनीत काहीतरी म्हणतो, चाचा सोलापूरच्या दख्खनीत उत्तर देतात, दोघं हसतात.

“काय म्हणाला?”

“पूछा, हमारे तरफ थे क्या. मैं बोला, हौ.”

“आन् व्हताव का?” मामा विचारतात.

“आखरी दस मिनट.”

फाउंटनजवळच्या इराण्याकडे तिघांना जागा मिळते. संगमरवरी टेबल, ब्रून मस्का, पाणीकम चहा. इथं चाचा जे बोलतात ते ऐकून तुम्हाला जरा धक्का बसेल. मजा नाही आली, म्हणतात. गोरे असते तर मजा आली असती. त्यांना हरवायला मजा येते. आज कुणी हरलं त्याचंच वाईट वाटलं, हा काय खेळ झाला? मामा बशीत चहा ओततात आणि ठामपणे मान हलवतात. त्यांच्या मते उलटं. तालमीत दोन्ही पैलवान आपल्याच गावचे असले की खरी कुस्ती बघायला मिळते, कारण मग माणूस डाव बघतो. नाहीतर नुसता लंगोटाचा रंग बघतो. चाचा म्हणतात, तुला काय कळतं, ऑफसाईड माहीत नाही तुला. मामा म्हणतात, ह्यांनी टरफलं मांडून सांगितलंय मला. वाद वाढतो. बारशाची वेळ टळत चाललीय याची आठवण तुम्हीच करून द्या, नाहीतर मेहुणा तुम्हाला शिव्या घालील.

पैसे द्यायला गल्ल्याशी जाता तेव्हा कळतं, ते कुणीतरी आधीच दिलेत. दारात काळी टोपी उभी आहे, सोबत आणखी चौघे.

“शेठ,” तो अदबीनं म्हणतो. ही पदवी तुम्हाला इराण्याच्या दारातच मिळालीय. “तुमच्यामुळं आज चार पैसे झाले. बाकी काही नको. न्यूयॉर्कच्या कापसाचा उद्याचा आकडा तेवढा सांगा. उघडता नको, बंद सांगा.”

न्यूयॉर्कच्या बाजारातला कापसाचा भाव तारेनं मुंबईत येतो आणि त्याच्या शेवटच्या आकड्यावर अर्धी काळबादेवी जुगार खेळते, हे तुम्ही कुठंतरी वाचलंय. आकडा मात्र वाचलेला नाही. नाही माहीत म्हणून सांगितलंत तर त्याला ते खरं वाटत नाही. तो आणखी जवळ येतो आणि हिस्सा किती ते विचारतो. चौघांनी दार अडवलंय. चाचा आणि मामा भांडण थांबवून तुमच्याकडे नव्यानं बघायला लागलेत.

“पावणं,” मामा हळूच म्हणतात, “ठावं असंल तर सांगा की. मी बी चार आणे लावतो.”

मागच्या दारानं गल्लीत निघता येतं. बोरीबंदरची ट्राम वळणावर सावकाश होते, तिथं पळत चढा.